मेणाचा हत्ती, पितळेचा हत्ती

हस्तकलेच्या प्रदर्शनात बस्तरचा पितळी हत्ती तुम्ही पाहिला असेल. त्याच्या पाठीवर, सोंडेवर आणि झुलीवर बारीक तारा शेजारीशेजारी गुंडाळल्यासारख्या दिसतात. पाहणाऱ्याला प्रथम वाटते, की कोणीतरी पितळेची तार काढून ती हत्तीच्या अंगावर डाख देऊन बसवली आहे. पण भिंग घेऊन पाहा. डाख कोठेही सापडणार नाही. तार आणि अंग मुळी वेगळे नाहीतच. हत्ती उचलून पाहिला, तर तो दिसतो त्यापेक्षा हलका लागतो, आणि पायाच्या पोकळीत बोट घातले तर आतून भाजलेल्या मातीचे कण निघतात.

मग ही तार आली कोठून? ती तार कधीच पितळेची नव्हती. ती होती मेणाची, आणि ती गुंडाळणारे हात पुष्कळदा घरच्या बाईचे असतात.

छत्तीसगढ राज्याच्या दक्षिण भागात, जगदलपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ७५ किलोमीटरवर कोंडागाव लागते. पूर्वी ते बस्तर जिल्ह्यात होते, २०१२ साली ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. या भागात हलबी बोली चालते. ती कानावर पडली, की मराठी माणसाला मधूनमधून ओळखीचे शब्द भेटतात. हलबी बोलणारे लोक आपल्या विदर्भाच्या पूर्व भागातही आहेत. धातूचे ओतकाम करणाऱ्या येथील लोकांना ‘घडवा’ म्हणतात. घडणे या क्रियापदावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. बंगाल-ओडिशाकडे हेच काम करणाऱ्या कारागिरांना ‘ढोकरा’ म्हणत, आणि आता बाजारात सगळ्याच कामाला ढोकरा हे नाव चिकटले आहे. कोंडागावचे जयदेव बघेल यांच्यामुळे ही कला देशाबाहेरही पोहोचली. २०१४ साली त्यांचे निधन झाले.

घडव्याचा कारखाना म्हणजे त्याचे घर. ओसरीवर मेणाचे काम, अंगणात मातीचे, परसात भट्टी. मजूर म्हणाल तर नवरा-बायको, आणि हाताशी मोठी मुले. सर्वसाधारणपणे माती कालवणे, मेणाचे धागे पाडणे आणि ते बसवणे यांत बाईचा वाटा मोठा असतो. भट्टी लावणे व रस ओतणे हे बहुधा पुरुषाकडे असते. पण ही वाटणी काही दगडावरची रेघ नव्हे. सण तोंडावर आला आणि मागणी वाढली, की ज्याचा हात मोकळा असेल तो ते काम उचलतो.

आता हत्ती कसा तयार होतो ते पाहू.

माती आणि तूस

आरंभ होतो मातीपासून. शेतातली काळी, चिकट माती चाळून तिच्यात भाताचे तूस मिसळतात आणि तिचा हत्तीच्या आकाराचा, पण अंगाने थोडा बारीक असा गोळा करतात. हा झाला गाभा. तो उन्हात वाळवायचा, घासून गुळगुळीत करायचा. मग सेमीच्या, म्हणजे आपल्या वालाच्या जातीच्या वेलाच्या, पानांचा हिरवा रस त्यावर चोळायचा. सुक्या मातीवर मेण नीट चिकटत नाही. या रसाने ते धरते.

तूस कशासाठी? नुसत्या चिकण मातीचा गोळा वाळताना आकसतो आणि तडकतो. तुसाचे कण त्याला आतून बांधून ठेवतात, जसे भिंतीच्या मातीत गवत घालतात तसे. पण तुसाचे खरे काम पुढे भट्टीत सुरू होते. तेथे तूस जळून जाते आणि मातीत असंख्य बारीक छिद्रे उरतात. तुसाची राख बरीचशी सिलिकाची असते, त्यामुळे ती ज्वाळेतही वितळत नाही आणि छिद्रे बुजत नाहीत. धातूचा रस आत शिरेल तेव्हा आतली हवा आणि वायू याच छिद्रांतून बाहेर जाणार असतात. त्यांना वाट मिळाली नाही तर त्यांचे बुडबुडे धातूत अडकतात आणि हत्तीच्या पोटाला भोक पडते. शाळेत आपण ‘सच्छिद्र’ हा शब्द पाठ करतो. घडव्याच्या घरी तो शब्द कोणी उच्चारत नाही, पण तूस कमी पडले की काय होते हे दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते.

मेणाची शेव

मेण मधमाशीचे. ते पाण्यात उकळून, फडक्याने गाळून स्वच्छ करतात. काही ठिकाणी त्यात सालवृक्षाची राळ मिसळतात, म्हणजे धागा कणखर होतो. मग हे मऊ मेण ‘पिचकी’ नावाच्या दांड्याच्या यंत्रात भरून दाबतात. आपल्याकडे दिवाळीत शेव पाडायचा सोऱ्या असतो, त्याचीच ही बहीण! खालच्या चकतीच्या भोकांतून मेणाचे लांबच लांब धागे बाहेर पडतात.

हे धागे गाभ्यावर एकाशेजारी एक असे बसवत जायचे. एकही फट राहता कामा नये आणि एकही धागा दुसऱ्यावर नको तेथे चढता कामा नये. थंडीत मेण कडक होऊन तुटते, म्हणून शेजारी निखाऱ्यांचे घमेले ठेवून काम करावे लागते. उन्हाळ्यात तेच मेण बोटांना चिकटते. मधमाशीचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, पण मऊ ते पुष्कळ आधीच होऊ लागते. हाताच्या आणि हवेच्या उष्णतेवर सतत नजर ठेवूनच हे काम होते. डोळे, दागिने, झुलीची नक्षी, माहुताचे पागोटे, सारे मेणाचेच. थोडक्यात, हत्ती पूर्ण तयार झालेला असतो, फक्त तो मेणाचा असतो. धातू पुढे येऊन त्याची नक्कल तेवढी करणार.

येथे मेणाच्या थराची जाडी फार महत्त्वाची. पुढे पितळेची जाडी नेमकी तेवढीच होणार असते. समजा दहा सेंटिमीटर व्यासाचा पितळेचा भरीव चेंडू केला. त्याचे घनफळ सुमारे ५२४ घन सेंटिमीटर, आणि पितळेची घनता ८.५ धरली तर वजन जवळजवळ साडेचार किलो. तोच चेंडू आत माती ठेवून तीन मिलिमीटर जाडीचा केला, तर पितळ लागेल फक्त पाऊण किलो. खर्च एक षष्ठांशावर आला! धातू विकत आणणाऱ्या घराला हा फरक केवढा, ते सांगायला नको.

घरातला तराजू

आता सर्वांत मौजेचा भाग. भट्टीत किती पितळ घालायचे? कमी पडले तर हत्तीचा पाय अर्धवट राहील आणि सगळी मेहनत वाया जाईल. मेणाच्या नक्षीदार हत्तीचे घनफळ काढायला कोणतेही सूत्र उपयोगी पडणार नाही. पण सूत्राची गरजच नाही. मेणाचा गोळा कामाला बसण्यापूर्वी तोलायचा आणि उरलेला गोळा काम संपल्यावर तोलायचा. जो फरक येईल, तेवढे मेण हत्तीवर चढले. त्याच्या आठ ते दहापट पितळ घ्यायचे. झाला हिशेब.

हे का जमते? जेवढी जागा मेणाने व्यापली होती, तेवढीच पितळेने व्यापायची आहे. घनफळ एकच, म्हणून वजनांचे गुणोत्तर हे घनतांचे गुणोत्तर. मेणाची घनता सुमारे ०.९६, पितळेची ८.५. भागाकार करा: जवळजवळ नऊ येतो. ओतमार्गात राहणारा आणि जळून जाणारा धातू धरून कारागीर थोडे जास्त घेतो.

हा नियम फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. तेथे मेणाच्या दहापट (दुसऱ्या पाठात आठपट) तांबे-पितळ, बारापट चांदी आणि सोळापट सोने घ्यावे, असे सांगितले आहे. संस्कृतात या पद्धतीचे नाव ‘मधूच्छिष्टविधान’. मधूच्छिष्ट म्हणजे मधाचे उष्टे, अर्थात मेण! आता वही घेऊन बसा. चांदीची घनता १०.५ आहे, तेव्हा बारापट हे प्रमाण अगदी योग्य. शुद्ध सोन्याची घनता १९.३ आहे, म्हणजे मेणाच्या वीसपट सोने हवे. सोळापट घेतले तर शुद्ध सोने अपुरे पडेल. पण सोळापट याचा अर्थ घनता सुमारे १५.४, आणि तांबे-चांदी मिसळलेल्या १८ कॅरटच्या सोन्याची घनता साधारण एवढीच असते. गणिताच्या शिक्षकांना आणि विज्ञानाच्या शिक्षकांना एकाच तासात भांडायला लावणारे हे उदाहरण आहे.

मेण जाते, जागा उरते

मेणाच्या हत्तीवर आता मातीचे थर चढतात. पहिला थर सर्वांत नाजूक: गाळलेली बारीक माती, कोळशाची पूड आणि शेण यांचा पातळ लेप. मेणावरचा प्रत्येक बारकावा हा लेप टिपून घेतो. त्यावर बसलेला बोटाचा ठसासुद्धा पुढे पितळेत उतरू शकतो. त्यानंतर जाड थर, त्यासाठी वारुळाची माती आणि तूस. वारूळ करताना मुंग्यांनी, म्हणजे वाळवीने, बारीक कण आधीच निवडून आणलेले असतात. चाळण्याचे निम्मे काम तिने फुकट केलेले असते म्हणा ना! धातू आत येण्यासाठी मेणाचीच एक जाड काडी जोडून वाट ठेवतात.

येथे चौकस वाचकाच्या मनात शंका यायला हवी. मेण निघून गेल्यावर आतला गाभा खाली का पडत नाही? पायांच्या तळाशी किंवा उघड्या ठेवलेल्या भागापाशी गाभ्याची माती बाहेरच्या मातीला मिळालेली असते, त्या आधारावर तो तोलून राहतो. आकृती सगळीकडून बंद असेल, तर आतली माती आणि बाहेरची माती लोखंडी खिळ्यांनी एकमेकींना अडकवतात.

साचा पूर्ण वाळल्याशिवाय भट्टीत जात नाही. यात हयगय झाली तर जिवावर बेतू शकते. एक ग्रॅम पाण्याची शंभर अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते, आणि तापलेल्या धातूजवळ तीच वाफ याहून कितीतरी पट फुगते. ओलसर साच्यात धातूचा रस गेला, की साचा फुटून उकळता रस अंगावर उडतो. पावसाळ्यात साचे वाळत नाहीत आणि घरातले काम मंदावते, त्याचे कारण हे.

भट्टीत साचा तापला, की मेण वितळून वाहून जाते, उरलेसुरले जळते, आणि दोन मातींच्या मध्ये हत्तीच्या आकाराची एक पोकळी तेवढी राहते. पाच-सहा दिवसांचे काम आता डोळ्यांना दिसेनासे झालेले असते. ते तपासता येत नाही की दुरुस्त करता येत नाही. मला विचाराल तर या साऱ्या उद्योगातला कठीण क्षण हाच.

हिरवी ज्योत

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांची मिश्रधातू. घडवा बहुधा भंगारातले पितळ आणतो: फुटके तांबे, झिजलेल्या समया, नळाच्या तोट्या. काही कारागीर ते वेगळ्या मुशीत वितळवून साच्यात ओततात. काहींची रीत अशी, की पितळेचे तुकडे साच्यालाच जोडलेल्या मातीच्या वाटीत बंद करायचे, सगळे एकत्र तापवायचे आणि रस झाला की साचा उलटा करायचा. दुसऱ्या रीतीत रस हवेतून ओतावाच लागत नाही.

पितळ जस्ताच्या प्रमाणानुसार सुमारे ९०० ते ९४० अंशांना वितळते. जस्ताचा उत्कलनांक आहे ९०७ अंश. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पितळ पातळ होते त्याच सुमारास त्यातले जस्त उडून जाऊ लागते! त्याची वाफ हवेत पेटते आणि ज्योतीला हिरवट रंग येतो. घडव्याजवळ तापमापक नसतो. ज्योत हिरवट झाली, की रस तयार झाला असे तो समजतो. उशीर केला तर जस्त उडत राहते, पितळ तांबूस होते आणि त्याचा द्रवणांक वर चढतो. घाई केली तर रस दाट राहून सोंडेच्या टोकापर्यंत पोहोचण्याआधीच थिजतो. साचा लाल होईपर्यंत तापवण्याचे कारणही तेच. तीन मिलिमीटरच्या थंड फटीत शिरलेल्या धातूची उष्णता माती क्षणात शोषून घेईल.

हवेत पेटलेल्या त्या जस्ताचे काय होते? त्याची पांढरी, हलकी भुकटी होते, ती म्हणजे झिंक ऑक्साइड. ती श्वासातून गेली तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडते, आणि एक-दोन दिवसांत माणूस बरा होतो. ओतकाम करणाऱ्यांच्या या तापाची वैद्यकशास्त्राला चांगली ओळख आहे. भंगारात शिसे असेल तर मात्र गोष्ट गंभीर. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा विशेष अपाय होतो. भट्टी परसात आणि मुले अंगणात, ही घरच्या कारखान्याची अडचण आहे. कलेचे कौतुक करणाऱ्या लेखांत ही बाजू सहसा येत नाही. ती यावी असे मला वाटते. उंच धुराडे, वाऱ्याची दिशा पाहून मांडलेली भट्टी आणि निवडून घेतलेले भंगार एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

साचा निवला, की हातोडीने फोडतात. बहुतेक वेळा हत्ती सुखरूप निघतो. कधी कान उतरलेला नसतो, कधी पाठीला भोक असते. भोक लहान असेल तर तेवढ्या भागावर पुन्हा मेण लावून, पुन्हा माती चढवून ठिगळ ओततात. नाहीतर तो हत्ती भंगाराच्या ढिगात जातो. पितळ परत मिळते. मेण मिळत नाही, कोळसा मिळत नाही आणि ते पाच-सहा दिवसही मिळत नाहीत.

प्रत्येक वेळी मेण जाते आणि साचा फुटतो, म्हणून दोन हत्ती कधीच अगदी सारखे होत नाहीत. बाजारात हल्ली एका छापाचे, स्वस्तातले हत्तीही येतात. दहा हत्ती ओळीने ठेवून त्यांच्या पाठीवरच्या धाग्यांचे जोड पाहा. सर्वांवर जोड एकाच जागी असेल तर धागा हाताने बसवलेला नाही. ‘बस्तर ढोकरा’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे कायदेशीर संरक्षण मिळाले आहे आणि छत्तीसगढ सरकारच्या ‘शबरी’ विक्रीकेंद्रांत हा माल मिळतो. त्यावरच्या चिठ्ठीत कारागीर म्हणून बहुधा एकच नाव असते. काम मात्र दोघांचे असते. योगायोग असा, की बस्तरच्या ओतकामातली एक लोकप्रिय जोडमूर्तीही नवरा-बायकोचीच आहे: लोककथेतले झिटकू आणि मिटकी.

ही विद्या किती जुनी? मोहेंजोदडोत १९२६ साली सापडलेली, अवघी साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तकी याच पद्धतीने ओतलेली आहे. आपल्या महाराष्ट्रातही तिचा पुरावा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला चार शिल्पे मिळाली: बैलगाडी हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. ती उत्तर हडप्पाकालीन मानली जातात. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक, कारण ती भरीव आहेत. दायमाबादच्या कारागिराने गाभा का ठेवला नाही? धातू मुबलक होता म्हणून, की वजनदार शिल्पच हवे होते म्हणून? वर्गात चर्चा करायला हा प्रश्न चांगला आहे.

करून पहा

घरातले एक जाड पितळेचे भांडे किंवा घंटी घ्या. आधी ती कोरडी तोला. मग काठोकाठ भरलेल्या पातेल्यात दोऱ्याने बांधून हळूच पूर्ण बुडवा. आत हवा अडकू देऊ नका. बाहेर सांडलेले पाणी ताटात धरून मोजनळीने मोजा. वजनाला पाण्याच्या घनफळाने भागा. आता मेणबत्तीचा तुकडा तसाच मोजा. तो तरंगेल, म्हणून सुईने दाबून बुडवावा लागेल. मेणबत्तीचे मेण मधमाशीचे नसते, त्याची घनता ०.९ च्या आसपास येईल. दोन उत्तरांचा भागाकार करा, म्हणजे मेणबत्तीच्या मेणाचा हत्ती केला तर त्याला किती पट पितळ लागेल ते कळेल. पितळेचे उत्तर ८.४ ते ८.७ च्या दरम्यान यायला हवे. फारच कमी आले, तर प्रथम घंटीच्या पोकळीत हवा राहिली होती का ते तपासा, आणि ती राहिली नसेल तर ती घंटी पितळेचीच आहे का, हे आईला विचारा.